‘सगळ्या’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’

घरात मुलीच्या लॉ प्रवेश परीक्षेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "बाकीचं करेल हो ती, पण ते लॉजिकचं काही खरं नाही!" सामान्यज्ञान पाठ करता येतं. इंग्रजीला शिकवणी लावता येते. कायद्याच्या माहितीची पुस्तकं बाजारात मिळतात. पण ‘सर्व अमुक तमुक आहेत, काही तमुक ढमुक आहेत, तर खालीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो?’ असं विचारलं की चांगल्या हुशार मुलीही गांगरतात. मग कोणीतरी सुचवतं, "तो भाग सोडूनच दे, बाकीच्यात मार्क मिळव."

मैत्रिणींनो, मला हा सल्ला मुळीच पटत नाही. सगळ्या पेपरात कमीत कमी पैशांत तयार होणारा भाग कोणता असेल, तर तो हाच. त्याला जाडजूड पुस्तक लागत नाही की शहरातला महागडा क्लास लागत नाही. लागतं एवढंच, की लिहिलेला शब्द आहे तसा वाचायचा. त्यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. ही सवय फक्त परीक्षेपुरती नाही, ती आपल्याला जन्मभर उपयोगी पडते. म्हणून हा लेख मुलींइतकाच त्यांच्या आयांसाठीही आहे.

आधी एक नमुना बघू. ‘सर्व शिक्षिका पदवीधर आहेत. काही पदवीधर गायिका आहेत.’ यावरून ‘काही शिक्षिका गायिका आहेत’ असं म्हणता येईल का?

बहुतेक जणी लगेच "हो" म्हणतात. कारण आपल्या डोळ्यांपुढे शाळेतल्या गाणाऱ्या बाई येतात. पण पेपराने त्या बाईंबद्दल विचारलेलंच नाही. पेपर विचारतो, की या दोन वाक्यांवरून तसं ठरतं का? ठरत नाही. गाणाऱ्या ज्या पदवीधर आहेत, त्यांतली एकही शिक्षिका नसू शकेल. कोणी बँकेत असेल, कोणी घरी असेल. ‘शिक्षिका गात नाहीत’ असंही इथे कोणी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. ‘निष्कर्ष निघत नाही’ म्हणजे ‘निष्कर्ष खोटा आहे’ असं नव्हे. एवढा फरक कळला तरी अर्धी लढाई जिंकली.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तीन बांगड्या घ्या. मोठी बांगडी पदवीधरांची. तिच्या आत पूर्ण मावणारी लहान बांगडी शिक्षिकांची, कारण सगळ्या शिक्षिका पदवीधर आहेत. तिसरी बांगडी गायिकांची. ती मोठीवर थोडी तरी चढली पाहिजे, एवढंच आपल्याला सांगितलंय. आता ती लहान बांगडीला न शिवता मोठीच्या कडेवर ठेवता येते का? येते. झालं तर! निष्कर्ष मोडणारी एक जरी मांडणी सापडली, तरी तो निष्कर्ष निघत नाही. जॉन व्हेन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1880 साली अशीच वर्तुळांची पद्धत मांडली, म्हणून पुस्तकांत तिला ‘व्हेन आकृती’ म्हणतात. नाव ऐकून बिचकायचं काही कारण नाही.

आता एकेक शब्द घेऊ.

‘सगळे’ हा एकेरी रस्ता आहे. जाता येतं, त्याच वाटेने परत येता येत नाही. सगळ्या शिक्षिका पदवीधर आहेत, म्हणून सगळ्या पदवीधर शिक्षिका होत नाहीत. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात याचं फार जुनं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आपल्या गॅसच्या निळ्या ज्योतीचं घ्या ना, तिथेही तेच! शेकडो वर्षांपूर्वी आपल्या पंडितांनी जी चूक दाखवून दिली, तीच चूक परीक्षेत आजही सर्वात जास्त होते.

‘काही’ हा शब्द फसवा आहे. बोलताना आपण म्हणतो, "काही पोळ्या करपल्या." ऐकणारा समजतो, बाकीच्या बऱ्या आहेत. पेपरात असं समजायचं नाही. तिथे ‘काही’ म्हणजे ‘निदान एक’. एक असेल, दहा असतील, कदाचित सगळ्याच असतील. म्हणून ‘काही पोळ्या करपल्या’ यावरून ‘काही पोळ्या चांगल्या आहेत’ हा निष्कर्ष निघत नाही. मात्र हा रस्ता दुहेरी आहे. काही वकील कवी असतील, तर काही कवी वकील असणारच.

‘एकही नाही’ हा शब्द सरळ आणि सगळ्यात भक्कम. एकही कारलं गोड नाही, म्हणजे एकही गोड वस्तू कारलं नाही. दोन्ही बाजूंनी चालतो. पण ‘काही नाहीत’ हा चालत नाही हं! ‘काही फळं आंबे नाहीत’ हे खरं, म्हणून ‘काही आंबे फळं नाहीत’ असं म्हणता येईल का?

आणि ‘बहुतेक’? अमेरिकेत लॉ कॉलेजच्या प्रवेशासाठी एलसॅट नावाची परीक्षा 1948 पासून घेतात. तिथे या शब्दावरचे प्रश्न नेहमीचे. ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्याहून जास्त, कदाचित सगळेही. समजा, बचत गटात 20 जणी आहेत. बहुतेक जणी शिवणकाम करतात, बहुतेक जणी पापड करतात. कमीत कमी धरलं तरी 11 आणि 11, बेरीज 22. बायका तर 20च. म्हणजे निदान दोघी दोन्ही कामं करतात, हे नक्की. ‘काही शिवतात, काही पापड करतात’ एवढंच सांगितलं असतं तर असं काहीच नक्की झालं नसतं. ‘बहुतेक’ही एकेरीच. बालवाडीत शिकवणाऱ्यांत बहुतेक बायका असल्या, तरी बहुतेक बायका बालवाडीत शिकवतात असं नाही!

आपल्या मराठीचे दोन पेच मात्र वेगळे सांगायला हवेत. पहिला ‘च’चा. ‘पदवीधरच अर्ज करू शकतात’ आणि ‘पदवीधर अर्ज करू शकतातच’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात पदवी नसलेल्यांना दार बंद आहे, पण पदवी असली की झालं, असं मुळीच म्हटलेलं नाही. आणखी अटी असू शकतात. दुसऱ्यात पदवीधराला कोणी अडवू शकत नाही, पण इतरांबद्दल वाक्य गप्प आहे. एक अक्षर जागेवरून हललं आणि सगळा अर्थ फिरला. नोकरीच्या जाहिराती आणि सरकारी योजनांचे नियम वाचताना हा ‘च’ कुठे आहे ते बघायला आपण शिकलं पाहिजे. ‘फक्त’ आणि ‘केवळ’ हे त्याचेच भाऊबंद.

दुसरा पेच ‘सगळ्या... नाहीत’चा. ‘वर्गातल्या सगळ्या मुली पास झाल्या नाहीत.’ म्हणजे एकही पास झाली नाही, की काही झाल्या, काही राहिल्या? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. अशा वेळी दोन्ही अर्थांत जे खरं ठरेल तेवढंच धरायचं. इथे ते असं, की निदान एक मुलगी नापास झाली. आणि ज्या मंडळींच्या हातात पेपर काढणं आणि त्याचं भाषांतर करणं असतं, त्यांना माझी विनंती आहे, की अशी दुहेरी वाक्यं टाळा. ‘एकही नाही’ म्हणायचं असेल तर तसंच लिहा. मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलीने भाषांतराच्या गोंधळापायी मार्क का गमवावेत?

परीक्षेचंही थोडं सांगते. आपल्या राज्यात 2016 पासून लॉसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी. दोन्हींत तर्काच्या प्रश्नांचा वेगळा भाग असतो. पेपर मराठीतूनही देता येतो आणि चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 2008 पासून ‘क्लॅट’ ही परीक्षा आहे. ती इंग्रजीतून असते आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. क्लॅटमध्ये 2020 पासून सुटी वाक्यं न देता उतारे देतात. म्हणजे ‘सगळे’ आणि ‘काही’ आता परिच्छेदात लपून येतात.

इथेच पाठांतराची फजिती होते. ‘सर्व अधिक सर्व बरोबर सर्व, सर्व अधिक काही बरोबर काहीच नाही’ असे तक्ते काही क्लासमध्ये पाठ करून घेतात. सुट्या वाक्यांना ते उपयोगी पडतातही. पण पुढचा उतारा बघा. ‘गटातल्या ज्या ज्या सभासदांनी हप्ते वेळेवर फेडले, त्या सगळ्यांना दुसरं कर्ज मिळालं. सुनंदाला दुसरं कर्ज मिळालं. म्हणजे तिने हप्ते वेळेवर फेडले असणार.’ ऐकायला किती बरोबर वाटतं! पण हे पुन्हा ‘अग्नी आहे म्हणजे धूर असणारच’ यासारखंच झालं. तिला दुसऱ्या एखाद्या कारणानेही कर्ज मिळालं असेल. याउलट, ‘सुनंदाला दुसरं कर्ज मिळालं नाही’ असं दिलं असतं, तर तिचे हप्ते वेळेवर फेडले गेले नव्हते हे नक्की ठरलं असतं. तक्ता पाठ करणारीला इथे तक्ता आठवत नाही. समजून घेतलेलीला बांगड्या आठवतात.

कोणी म्हणेल, "कशाला एवढा काथ्याकूट? वकिलाला काय कोर्टात शिक्षिका आणि गायिका मोजायच्या असतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या बायकांच्या इतिहासात आहे.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1866 साली आपल्या नाशिकला जन्मलेल्या या बाईंनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण भारतात परत आल्यावर पुरुष वकिलांसारखी रीतसर वकिली त्यांना कितीतरी वर्षं करता आली नाही. 1916 साली कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली. त्यांच्याकडे कायद्याची पदवी होती. त्या वेळच्या कायद्यात वकील कोणी व्हावं याबद्दल ‘व्यक्ती’ असा शब्द होता. कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे प्रश्न आला, की या ‘व्यक्ती’त स्त्री येते का? कोर्टाने सांगितलं, येत नाही! सुधांशुबाला हाजरा यांना 1921 साली पाटण्याच्या हायकोर्टानेही तशीच पाठ दाखवली. शेवटी 1923 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्याचा आशय असा, की केवळ स्त्री आहे एवढ्याच कारणाने एकही स्त्री वकिलीसाठी अपात्र ठरणार नाही.

तो ‘एकही’ आणि तो ‘केवळ’ बघितलात? ‘व्यक्ती’ या शब्दात आपण आहोत की नाही, यावर बायकांचा व्यवसाय अडकला होता. तो सुटला एका नेमक्या ‘एकही नाही’मुळे. ‘सगळे’ म्हणताना त्यात नेमकं कोण कोण धरलंय, हा कायद्यातला रोजचाच प्रश्न आहे. मग वकिलीच्या दारावरच तो विचारला तर त्यात वावगं काय?

इतकं लांब कशाला, घरातलंच घ्या. 2005 सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्टही केलं. पण गावोगावी काय चालतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. "ताई, एका तुकड्याचं आहे, सही कर." ताई सही करते. आता त्या कागदावर ‘गट नंबर अमुक मधील हक्क’ असं लिहिलंय, की ‘सर्व मिळकतींमधील सर्व हक्क’ असं लिहिलंय? भावासाठी हक्क सोडायचा की नाही, हे ज्या त्या बहिणीने ठरवावं. पण आपण ‘काही’ सोडतोय की ‘सगळं’, हे तरी तिला सही करण्याआधी कळलं पाहिजे. कळलं नाही तर सरळ म्हणावं, "कागद ठेवून जा, वाचून सांगते."

ज्या वाक्यात यातला एकही शब्द नसतो, ते तर आणखी धोक्याचं. ‘मुलींना गणित जमत नाही.’ ‘बायकांना व्यवहार कळत नाही.’ ‘नोकरी करणाऱ्या सुना घर सांभाळत नाहीत.’ ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांत ‘सगळ्या’ नाही, ‘काही’ नाही. म्हणूनच ती खपतात. बोलणाऱ्याला शांतपणे विचारून बघा, "सगळ्या, की काही?" ‘सगळ्या’ म्हणाला, तर गणितात हुशार असलेली एक मुलगी दाखवली की वाक्य पडलं. ‘काही’ म्हणाला, तर मग काही मुलांनाही गणित जमत नाही, आणि वाक्यात दम राहत नाही. इथे एक पथ्य आपणही पाळायचं. ‘सगळ्या सासवा छळतात’ हे खोडायला ‘सगळ्या सासवा चांगल्या असतात’ असं सिद्ध करावं लागत नाही. एक चांगली सासू पुरे. आणि ‘सगळे पुरुष मेले सारखेच’ असं आपण म्हणतो, तेव्हा तोच नियम आपल्यालाही लागतो बरं का!

म्हणून म्हणते, मुलीला ‘तो भाग सोडून दे’ असं सांगू नका. सामान्यज्ञानात शहरातली मुलगी पुढे असेल. तिच्या घरी चार वर्तमानपत्रं येत असतील. इंग्रजीत तर ती पुढे असतेच. पण ‘काही’चा अर्थ मुंबईत वेगळा आणि मंगळवेढ्यात वेगळा नसतो. इथे दोघी एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करतात. वेग यायला सराव लागतो, हे खरं. रोज दहा प्रश्न, दोन-तीन महिने, नेमाने. प्रत्येक प्रश्नाला आकृती काढायची. आणि उत्तर चुकलं तर नुसतं बरोबर उत्तर बघून पुढे जायचं नाही, आपण वाक्यात काय जास्तीचं घातलं ते शोधायचं. मी पाहिलंय, बहुतेक चुका गणिताच्या नसतात, घाईघाईने वाचण्याच्या असतात.

आयांनो, यात तुम्हीही बसा. रात्री भाजी निवडताना मुलीला एक विधान द्या आणि तिच्याकडून दोन निष्कर्ष घ्या. एक निघणारा, एक न निघणारा. उद्या ती तुम्हाला देईल. तुमच्यापैकी ज्यांनी बी.ए., बी.कॉम. करून संसारापायी पुढचं शिकणं ठेवून दिलं, त्यांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रकही एकदा वाचायला हरकत नाही. पात्रतेच्या अटी वाचताना ‘फक्त’, ‘किमान’ आणि ‘किंवा’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. आपण त्यात बसतो की नाही, ते कोणाला न विचारता आपलं आपल्यालाच कळेल.